हे गीत आपण गावे का?



गेल्या महिन्यात गायनवृंदाचा सराव चालू असताना एका मुलीने पेटी वाजवणाऱ्या काकांना विचारले, "काका, हे गाणं ज्यानं केलं त्याच्याबद्दल काय काय छापून आलंय, ते तुम्ही वाचलंत का?" काकांनी वाचले नव्हते. आम्हीही वाचले नव्हते. गाणे होते 'ब्लेस्ट आर दे'. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने ज्यांना ज्यांना धन्य म्हटले, त्यांच्यावर रचलेले हे इंग्रजी गीत आपल्या इंग्रजी मिस्सेत, लग्नात आणि विशेषतः अंत्यविधीच्या मिस्सेत आपण कित्येक वर्षे गात आलो आहोत. त्या संध्याकाळी सराव तिथेच थांबला आणि चर्चा सुरू झाली. ती अजून पुरती संपलेली नाही. म्हणून ती आपल्यापुढे मांडावी असे आम्हांला वाटले.

आधी झाले काय ते सांगतो. ह्या गीताचे रचनाकार अमेरिकेतील मिनेसोटाचे डेव्हिड हास. 'यू आर माइन' हे गीतही त्यांचेच. २०२० साली अनेक स्त्रियांनी पुढे येऊन सांगितले, की संगीताच्या आणि प्रार्थनेच्या निमित्ताने जवळीक साधून त्यांनी आमचा लैंगिक गैरफायदा घेतला. त्यांची गीते छापणाऱ्या शिकागोच्या प्रकाशनसंस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले. अमेरिकेतील काही बिशपांनी त्यांची गीते गाऊ नयेत असे आपल्या चर्चना कळवले. हास यांनी सुरुवातीला आरोप नाकारले, नंतर जाहीर माफीपत्र काढले.

दुसरे नाव तर एका धर्मगुरूंचे आहे. स्पेनचे फादर सेसारिओ गाबाराइन. त्यांचे 'पेस्कादोर दे ओम्ब्रेस', म्हणजे 'माणसे धरणारा', हे गीत जगभर गाइले जाते. किनारा, होडी, जाळे आणि नजरेला नजर भिडवून नावाने हाक मारणारा प्रभू! आपल्या कोळी बांधवांना ते आपलेच वाटावे यात नवल नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांचे तर ते लाडके गीत होते. त्याची पोलिश आवृत्ती त्यांना तोंडपाठ होती आणि २००२ साली क्राकोच्या भेटीत त्यांनी हजारो लोकांसमोर त्याची आठवण काढली होती. फादर गाबाराइन १९९१ साली वारले. २०२१ साली स्पेनच्या एका मोठ्या दैनिकाने बातमी दिली, की १९७०च्या दशकात माद्रिदच्या शाळेत असताना त्यांनी मुलांवर अत्याचार केल्याचे त्या मुलांनी, जे आता वयस्क झाले आहेत, सांगितले आहे. पोप महोदयांना ह्यातले काही ठाऊक असण्याची शक्यता आम्हांला तरी दिसत नाही. आपल्यालाही ठाऊक नव्हते. प्रश्न आहे तो ठाऊक झाल्यानंतरचा.

सरावाच्या वेळी बहुतेकांनी पहिल्यांदा जे म्हटले, तेच आमच्याही तोंडी आले. गीत देवाचे आहे, रचणारा पापी असेल तर आपण सारेच पापी आहोत. दावीद राजाने काय कमी केले? उरियाची बायको घेतली आणि उरियाला रणात मरायला धाडले. तरी त्याच्या नावाचे एक्कावन्नावे स्तोत्र आपण प्रत्येक प्रायश्चित्तकाळात म्हणतोच ना? 'अमेझिंग ग्रेस' लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलामांची जहाजे चालवणारा कप्तान होता. चौथ्या शतकात आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथाचे लोक म्हणू लागले, की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंचे संस्कार खरे नव्हेत. तेव्हा संत ऑगस्टीन यांनी त्यांना ठणकावले, की बाप्तिस्मा ज्युदासच्या हातून झाला तरी बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच असतो.

हे सगळे खरे आहे. पण घरी जाऊन शांतपणे विचार केल्यावर ह्या युक्तिवादात एक फट दिसू लागली. संत ऑगस्टीन बोलत होते ते संस्कारांबद्दल. संस्कार ख्रिस्ताने दिले, ते आपल्याला बदलता येत नाहीत आणि त्यांच्यावाचून आपले चालत नाही. म्हणून ते देणाऱ्याच्या पुण्यावर अवलंबून नसावेत, ही देवाची दया आहे. गीत म्हणजे संस्कार नव्हे. गीत आपण निवडतो. दर आठवड्याला बसून, वही चाळून, हे घेऊ, ते नको असे करत निवडतो. एखादे गीत गाइले नाही तर मिस्सा अपुरी राहत नाही. आणि निवडले, तर त्या निवडीचे उत्तर आपल्याला द्यावे लागते.

दावीद आणि न्यूटन यांचेही नीट पाहावे. दाविदाकडे नाथान संदेष्टा गेला, त्याने तोंडावर त्याचे पाप सांगितले आणि दाविदाने ते कबूल केले. एक्कावन्नावे स्तोत्र म्हणजे त्या कबुलीचाच सूर आहे. पाप झाकून वर गोड गायलेले ते गाणे नव्हे. (बथशेबेला ते स्तोत्र ऐकून काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र आम्हांला आजवर कोणत्याही प्रवचनात ऐकू आला नाही. आम्हीही तो कधी विचारला नव्हता.) न्यूटनचे परिवर्तन तर एका रात्रीत झालेच नाही. १७४८च्या वादळात देवाचा धावा केल्यानंतरही काही वर्षे तो गुलामांच्या जहाजावरच होता. पण १७८८ साली त्याने त्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका छापली आणि आपण काय पाहिले, काय केले, ते जगाला सांगितले. ज्यांचे नुकसान केले त्यांच्या बाजूने तो उभा राहिला, उशिरा का होईना.

मग सोळाव्या शतकातल्यांचे काय? इटलीच्या कार्लो जेझुआल्दो ह्या सरदाराने १५९० साली आपल्या बायकोचा आणि तिच्या प्रियकराचा खून करवला. त्याने पवित्र सप्ताहासाठी रचलेले संगीत १६११ साली छापले गेले आणि आजही गाइले जाते. खुनी माणसाने प्रभूच्या दुःखसहनावर इतके विलक्षण संगीत लिहावे, हे गूढ आहे खरे. पण ते ऐकून ज्याचे काळीज फाटेल असा कोणी आज हयात नाही. आमच्या मते इथेच खरा फरक आहे. प्रश्न केवळ रचनाकाराच्या आत्म्याचा असता, तर तो देवावर सोपवून आपण मोकळे झालो असतो. प्रश्न बाकावर बसलेल्या माणसाचा आहे.

संत पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय ह्यासाठी जरूर वाचा. तिथे वाद होता तो मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसाचा. ते खावे की खाऊ नये? पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मांस हे मांसच आहे, तुमचे ज्ञान बरोबर आहे. पण तुम्हांला खाताना पाहून एखाद्या बांधवाच्या मनाला इजा होत असेल, तर मी जन्मात मांस खाणार नाही. पौल इथे मांस वाईट ठरवत नाही आणि खाणाऱ्यालाही पापी म्हणत नाही. आपला हक्क तो सोडून देतो, कारण समोरचा माणूस ख्रिस्ताने प्राण देऊन विकत घेतलेला आहे.

ही चर्चा कानावर गेल्यावर आपल्याच धर्मग्रामातील एक भगिनी आम्हांला भेटायला आल्या. नाव, वाडी काही सांगत नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, लहानपणी माझ्याशी कोणी काय केलं ते मी घरात कधी बोलले नाही. तो माणूसही गाणारा होता. त्याचा आवाज लोकांना फार आवडायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं की देवसुद्धा त्याच्याच बाजूला आहे." त्यांचा त्या अमेरिकन गीतांशी काही संबंध नाही. पण आपण बाकांकडे तोंड करून 'दुःखितांना सांत्वन मिळेल' अशा अर्थाचे गीत म्हणत असू, आणि ते ज्याने लिहिले त्यानेच कुणाला दुःख दिल्याचे आपल्याला माहीत असेल, तर अशा भगिनीला त्यातून काय ऐकू जाते, हे त्या दिवशी आम्हांला प्रथमच कळले.

लूर्ड्सलाही हाच प्रश्न उभा राहिला. तिथल्या बॅसिलिकेच्या दर्शनी भागावर फादर मार्को रुपनिक यांची मोझेक चित्रे आहेत. त्यांच्यावर अनेक धर्मभगिनींनी अत्याचाराचे आरोप केले आणि २०२३ साली त्यांना येशूसंघातून काढण्यात आले. तेथील बिशप महोदयांनी घाई केली नाही, अनेकांशी सल्लामसलत केली. २०२४ साली रात्रीच्या मिरवणुकीत त्या चित्रांवर दिवे लावणे बंद झाले आणि मार्च २०२५मध्ये दारांवरची चित्रे झाकण्यात आली. जखम घेऊन लूर्ड्सला आलेल्या माणसाला त्या दारातून आत जाता यावे, हा त्यामागचा हेतू होता. ह्याउलट लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलमध्ये एरिक गिल ह्यांनी कोरलेली क्रूसाच्या वाटेची शिल्पे अजून भिंतीवर आहेत. त्यांनी स्वतःच्या मुलींवर अत्याचार केल्याचे १९८९ साली त्यांच्या चरित्रातून उघड झाले होते. म्हणजे ख्रिस्तसभेत सर्वत्र एकच उत्तर दिले गेलेले नाही. भिंतीतला दगड काढणे अवघड असते, वहीतले पान उलटणे मात्र सोपे आहे.

एक भीती आम्हांला खरोखर वाटते, ती बोलून दाखवतो. आपल्या गावात कुणाबद्दल काही कानावर आले, की ते चहा थंड होण्याआधी तीन वाड्यांत पोहोचते. उद्या प्रत्येक गीताखालचे नाव शोधून त्या माणसाची कुंडली मांडायला बसलो, तर आठव्या आज्ञेचे काय? आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. म्हणून आपल्याला शोधमोहीम काढायची नाही. जबाबदार लोकांनी चौकशी करून, प्रकाशकांनी आणि बिशपांनी पावले उचलून जे जाहीर झाले आहे, तेवढ्याचाच विचार करायचा. आणि गीत बाजूला ठेवणे ही कुणाला दिलेली शिक्षाही नव्हे. गाइले जाण्याचा हक्क कोणत्याही गीताला नसतो. हयात रचनाकाराला गीतांचे मानधन मिळत राहते, हेही लक्षात ठेवायला हवे.

सर्वांत अवघड गेले ते एका आजोबांशी बोलणे. त्यांच्या पत्नीच्या अंत्यविधीला 'यू आर माइन' म्हटले होते. ते म्हणाले, "म्हणजे तिच्यासाठी केलेली प्रार्थना खोटी झाली का, फादर?" नाही, आजोबा. ती प्रार्थना तुमची होती आणि ती जिथे पोहोचायची तिथे पोहोचली. तुम्ही घरी ते गीत ऐकत असाल तर ऐका, कोणी तुम्हांला दोष देणार नाही. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चर्चमध्ये नका म्हणू मग. तिलाही ते चाललं नसतं."

पाळकीय मंडळाशी आणि गायनवृंदाशी बोलून असे ठरले आहे, की येत्या रविवारपासून ह्या दोन रचनाकारांची गीते आपल्या मिस्सेत घेतली जाणार नाहीत. वह्या फाडायच्या नाहीत, फक्त त्या पानांवर कागद लावायचा आहे. ज्यांनी लग्नाच्या किंवा पुण्यस्मरणाच्या मिस्सेसाठी ही गीते आधीच निवडली असतील, त्यांनी कार्यालयात येऊन भेटावे, आपण मिळून दुसरे गीत शोधू. कम्युनियनच्या वेळी आता मराठी गीत घेण्याचा विचार आहे. त्याचा सराव शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनंतर होईल. आणि त्या भगिनीसारखे आणखी कोणी असेल, ज्याने आजवर कुठे काही बोललेले नाही, त्याच्यासाठी आमचे दार कोणत्याही वेळी उघडे आहे. एकट्याने यायचे नसेल तर सोबत कोणाला आणले तरी चालेल.