दवंडी आणि अक्षत

महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराशी, कार्यालयाकडे वळणाऱ्या भिंतीवर काचेआड बंद केलेला जो सूचनाफलक असतो, त्यावर परीक्षा-अर्जाची अखेरची तारीख, शिष्यवृत्तीची मुदत, ओळखपत्र हरवल्यास भरावयाचा दंड आणि वाङ्मय मंडळाचा कथावाचनाचा कार्यक्रम हे चारही मजकूर एकाच भाषेत, एकाच शिक्क्याखाली लावलेले असतात. 'सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की' या शब्दांनी आरंभ होणारा कागद विद्यार्थी वाचतो तो आपले काही चुकले तर नाही ना, एवढे पाहण्यापुरता. आणि तशी खात्री पटली की निर्धास्त मनाने पुढे जातो. कथावाचनाला कोणी फिरकले नाही म्हणून मग आपण हळहळतो, आणि आजच्या पिढीला गोडी उरली नाही, सारा वेळ मोबाइलने खाल्ला, असे म्हणून मोकळे होतो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. मुले येत नाहीत हे खरे. पण त्यांना बोलावले होते का, आणि बोलावले असेल तर कसे, हे आधी विचारले पाहिजे.

बोलावण्याच्या दोन रीती आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एक दवंडीची. साऱ्याचा भरणा, साथीचा बंदोबस्त, जप्त मालाचा लिलाव असा जो सरकारी हुकूम गावाच्या कानांवर घालावयाचा, तो दवंडीने घातला जाई. ऐकणाऱ्याने 'ऐकले' म्हटले की तिचे काम संपले. दुसरी रीत अक्षतीची. घरात लग्न निघाले की कर्ता माणूस दारोदार जाऊन, ओट्यावर घटकाभर टेकून, 'सगळ्यांनी यायचं बरं का' असे म्हणून अक्षत देई. आणि हळदीकुंकवाचे बोलावणे करायला घरची परकऱ्या पोर आळीतल्या प्रत्येक उंबऱ्याशी जाऊन उभी राही. दवंडी ऐकून कोणी लग्नाला गेल्याचे आपल्याकडे ऐकिवात नाही. आमच्या विद्यार्थी मंडळांनी मात्र लग्नासारख्या कार्याची दवंडी पिटण्याचा परिपाठ स्वीकारला आहे. फळ्यावरची सूचना मोबाइलवरच्या गटात आली, भित्तिपत्रकाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड आला, तरी दवंडीची जात बदललेली नाही. फक्त ढोल दूरवर ऐकू जाऊ लागला आहे.

मी ज्या महाविद्यालयात काही वर्षे मराठी शिकवले, तेथील एक प्रसंग अजूनही मला अस्वस्थ करतो. मंडळाच्या उद्घाटनासाठी एका कवींना बोलावले होते. सभागृह रिकामे दिसेल या भीतीने ऐन वेळी दोन तास रद्द करून प्रथम वर्षाचे सबंध वर्ग आत आणून बसवण्यात आले, आणि दाराशी हजेरीपट मांडण्यात आला. कवींनी तीन कविता म्हटल्या, समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिले, आणि चौथी अर्ध्यावर सोडून आभार मानून ते बसले. वार्षिक अहवालात 'विद्यार्थ्यांचा उदंड प्रतिसाद' अशी नोंद झाली व तिच्याखाली माझी सही आहे. हजेरीच्या सक्तीने बाके भरतात, पण त्या दिवशी त्या दोनशे मुलांच्या मनात कविता या गोष्टीविषयी जे रुजले असेल, ते उपटून काढणे पुढे कोणत्या शिक्षकाला शक्य झाले असेल? नव्या शैक्षणिक धोरणानुसार सहशालेय उपक्रमांनाही आता श्रेयांक मिळू लागले आहेत. उपक्रमांना मान मिळाला याचा मला आनंदच आहे. तरी श्रेयांकांबरोबर हजेरीपट पुन्हा दाराशी येऊन बसेल, ही धास्तीही वाटते.

पुढल्या वर्षी मंडळाची चिटणीस झालेली द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी माझ्याकडे आली नि म्हणाली, "सर, नोटीस लावू नका. आम्ही वर्गावर्गात जातो." रसायनशास्त्राचा तास सुरू होण्याआधीची पाच मिनिटे तिने मागून घेतली. मी दाराबाहेर उभा होतो. ती व्यासपीठावर चढली, हातातला लिहून आणलेला कागद एकदा उघडला, पुन्हा घडी करून मुठीत धरला, आणि फळ्याकडे अर्धवट पाठ करून बोलू लागली : "मागच्या वर्षी मी पण शेवटच्या बाकावर बसले होते. मला काहीच कळलं नव्हतं. यंदा आपल्यातल्याच तिघांनी लिहिलेल्या कथा वाचणार आहोत. बुधवारी चार वाजता, अकरा नंबरच्या खोलीत. या." मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "आमची शेवटची एसटी साडेपाचची आहे, मग?" ती क्षणभर थांबली. "मग आपण पाचला संपवू," ती म्हणाली, आणि घडी केलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर तिने ते टिपून घेतले.

एसटीची ही वेळ आमच्या कोणाच्याही ध्यानात कधी आली नव्हती. वर्षानुवर्षे आम्ही कार्यक्रम साडेचारला ठेवीत होतो आणि खेड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या उदासीनतेबद्दल बोलत होतो. प्रसिद्धीचे खरे मोल मला येथे दिसते. दवंडी पिटणारा पुढच्या चौकात निघून जातो. अक्षत द्यायला गेलेल्या माणसाला मात्र घरच्यांचे उत्तर ऐकून घ्यावे लागते, आणि ते उत्तर कार्याची वेळ, जागा, क्वचित त्याचे स्वरूपही बदलायला लावते. म्हणून हे काम कार्यक्रम ठरल्यानंतर शिपायाकडे किंवा उत्साही कनिष्ठाकडे सोपवण्याजोगे नव्हे. कार्यक्रम ठरवण्याचाच तो पूर्वार्ध आहे.

आमच्याकडील विद्यार्थी मंडळांच्या इतिहासाचा आरंभही अशाच दारोदार फिरण्याने झालेला आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' ही सभा स्थापली, तिच्या मराठी व गुजराती शाखांतून देशी भाषांत निबंध वाचले जाऊ लागले, आणि पुढल्याच वर्षी सभेने मुलींच्या शाळा काढल्या. या शाळांची जाहिरात लावून मुली येणे शक्य नव्हते. सभेच्या अध्वर्यूंपैकी एक असलेले दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सहकारी घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची मनधरणी करीत. काही ठिकाणी स्वागत होई, काही ठिकाणी जिन्यावरून खाली ढकलण्याची धमकी मिळे. सभेचे तरुण सुरुवातीस विनावेतन शिकवीत. धमकी ऐकूनही दुसऱ्या दिवशी पुढच्या घराची पायरी चढणाऱ्या त्या तरुणांना लोकमताचे जे शिक्षण मिळाले असेल, ते सभेत वाचलेल्या कोणत्याही निबंधातून मिळणारे नव्हते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की पाच-सहा हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात प्रत्येकाच्या बाकापर्यंत कोण जाणार? आक्षेप रास्त आहे. तारीख आणि स्थळ कळवण्यास मोबाइलवरचा निरोप उत्तम, आणि हाताने रंगवलेले सुबक भित्तिपत्रकही हवेच. परंतु साऱ्यांना कळवणे आणि काहींना बोलावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रीय कलोपासक ही पुण्याची संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा भरवीत आहे. त्या दिवसांत भरत नाट्य मंदिरात 'अरे आवाज कुणाचा' ही आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना विचारावे की ही गर्दी कोणत्या जाहिरातीने जमते. रंगमंचावर दिसणाऱ्या नटांमागे नेपथ्य उचलणारी, प्रकाशयोजना सांभाळणारी, तालमीला चहा आणणारी मुले असतात, आणि त्यांतला प्रत्येक जण आपल्या दोघा-चौघांना हाताला धरून घेऊन आलेला असतो. कामाचा वाटा ज्याला मिळाला, तो बोलावण्याचा अधिकारीही होतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तर मी याहून स्पष्ट पाहिले आहे. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवक सात दिवस एखाद्या खेड्यात राहतात. दिवसा श्रमदान, संध्याकाळी देवळासमोर प्रबोधनाचा कार्यक्रम. जो मुलगा महाविद्यालयात मोबाइलवर एक ओळ टाकून स्वस्थ बसतो, तोच तेथे तिन्हीसांजेला उंबऱ्याशी वाकून "काकू, देवळापुढं कार्यक्रम आहे, भाकरी झाली की या" असे म्हणतो, आणि काकू येतात. ही विद्या आमच्या मुलांजवळ आहे. महाविद्यालयाच्या आवारात ती वापरायला आम्ही वाव ठेवलेला नाही. अर्ज, आवक-बारनिशीत नोंद, विभागप्रमुखांची शिफारस, प्राचार्यांची मंजुरी, मग शिक्का, एवढे सोपस्कार उरकेपर्यंत कार्यक्रमाची तारीख उजाडते. चिटणिसाच्या नावावर जबाबदारी सोपवून एक मोकळा फळा आणि प्रत्येक वर्गातली पाच मिनिटे मंडळांना पूर्वपरवानगीविना द्यावीत, एवढीच माझी सूचना आहे. क्वचित एखादा मजकूर चुकेल. तो दुसऱ्या दिवशी पुसता येईल.

त्या बुधवारी अकरा नंबरच्या खोलीत सदतीस जण आले आणि पाचला दहा मिनिटे असताना वाचन संपले. गुरुवारी सकाळी चिटणीस मला सायकल-स्टँडजवळ दिसली. येतो म्हणून न आलेल्या एका मुलाला ती कारण विचारीत होती. बुधवारी पाचपर्यंत त्याचे प्रात्यक्षिक असते, असे त्याने सांगितले. तिने वही काढली, नोव्हेंबरच्या कार्यक्रमापुढचा बुधवार खोडला आणि शनिवार लिहिला.