रिकाम्या बाकांचा निवाडा

आमचा एक भाचा अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात उच्च शिक्षण घेत आहे. तेथे गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याला बास्केटबॉलचे वेड लागले. त्या वर्षी विद्यापीठाचा संघ जोरात होता. सामन्याच्या रात्री दोन-दोन तास आधी जाऊन जागा धरावी लागे. आणि दुसऱ्या दिवशी घरी निरोप येई, 'आपण जिंकलो!' ज्यांनी तो खेळ उभ्या आयुष्यात धडपणे पाहिलेला नाही, अशा आम्हांसही त्याने त्या 'आपण'मध्ये ओढून घेतले होते. दुसऱ्या हिवाळ्यात चांगले खेळाडू निघून गेले, पराभवांची मालिका सुरू झाली, आणि भाच्याचे निरोप थांबले. त्याच्या खोलीत राहणारा सोबती मात्र बर्फ तुडवीत प्रत्येक सामन्यास जात राहिला. एके रात्री परतल्यावर तो भाच्यास म्हणाला, 'तू आमच्या संघाचा कधी नव्हतासच. तू विजयाचा होतास.' हा बोल भाच्याच्या मनास लागला. त्याने आम्हांस विचारले, 'मामा, तुम्ही वकील. न जाण्यात माझी काही चूक झाली का?'

आमचे पहिले उत्तर वकिलाचे होते. तिकीट हा करार आहे. पैसे दिले, मोबदल्यात जागा मिळाली. ती वापरावी की रिकामी ठेवावी, हा घेणाऱ्याचा प्रश्न. पुढील सामन्याचे तिकीट काढण्याचे बंधन तर कोणत्याच कायद्याने त्याच्यावर नाही. उत्तर बिनचूक होते. परंतु ज्या प्रश्नाने माणसाची झोप उडते, त्याचे बिनचूक उत्तर पुष्कळदा अपुरे असते. म्हणून महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या प्रेक्षकांची ही भरती-ओहोटी कशाने होते, हे आम्ही थोडे खोलात जाऊन पाहावयाचे ठरविले.

हा खेळ मुळात प्रेक्षकांसाठी निर्माण झालाच नव्हता. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, थंडीमुळे कोंडून पडलेल्या अठरा चुळबुळ्या विद्यार्थ्यांसाठी, सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून तो रचला. १८९८ मध्ये हेच नेस्मिथ कॅन्सास विद्यापीठात गेले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत अशी, की त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांत ज्यांच्या पदरी विजयांपेक्षा पराभव अधिक पडले, असे एकटे नेस्मिथच! त्यांचे शिष्य फॉग ॲलन यांच्या नावाने तेथे १९५५ मध्ये जे क्रीडागृह उघडले, त्यात पंधरा हजारांवर माणसे बसतात. आणि ज्या लॉरेन्स गावात ते उभे आहे, त्याची वस्ती आजही लाखाच्या आतच आहे. अठरा जणांच्या विरंगुळ्याभोवती एवढा समुदाय का जमतो आणि का पांगतो, हा प्रश्न म्हणूनच मनोरंजक आहे.

काही कारणे उघड आहेत. शनिवारचा सामना आणि मंगळवारचा सामना यांत फरक असावयाचाच. नाताळाच्या सुटीत विद्यार्थी घरोघर गेलेले असतात. बर्फ पडले की दूरची माणसे निघत नाहीत. दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी सामना रात्री उशिरा ठेवला की मुलाबाळांचे लोक घरीच बसतात, आणि तीच दूरचित्रवाणी त्यांना घरबसल्या सामना दाखवितेही. प्रतिस्पर्धी जुना वैरी असेल तर गर्दी, अनोळखी असेल तर शुकशुकाट. परंतु या सर्वांहून मोठे कारण म्हणून बहुतेक लोक एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात, ती म्हणजे विजय. जिंकणाऱ्याकडे लोक जातात, हरणाऱ्याकडे पाठ फिरवितात. उगवत्या सूर्याला नमस्कार करण्याची रीत सर्वत्र सारखीच, असे म्हणून आपण हा विषय येथेच मिटवू शकलो असतो.

परंतु पुरावा तपासू लागले की हा निष्कर्ष तितकासा टिकत नाही. १९६८ च्या २० जानेवारीस ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या प्रचंड बंदिस्त मैदानात ५२,६९३ माणसे जमली. ज्यांनी सलग ४७ सामने जिंकले होते तो लॉस एंजलीसचा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संघ आणि यजमान ह्यूस्टन विद्यापीठ यांची गाठ होती. ह्यूस्टनने तो सामना ७१-६९ असा जिंकला. परंतु लोक जमले ते निकाल लागण्यापूर्वी! त्यांना ओढून आणले ते विजयाने नव्हे, तर निकालाच्या अनिश्चिततेने. दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. २०२३ च्या १५ ऑक्टोबरला आयोवा विद्यापीठाच्या महिला संघाने फुटबॉलच्या उघड्या मैदानात एक सामना खेळला. तो केवळ प्रदर्शनीय होता. हार-जीत कोठेही मोजली जाणार नव्हती. तरीही ५५,६४६ लोक आले. संघातील केटलिन क्लार्क ही मुलगी त्याच राज्यात वाढलेली. तिचे कौशल्य असामान्य होतेच. पण असामान्य कौशल्य आणि 'ही आमची मुलगी' हा अभिमान एकत्र आले, तेव्हा एवढी गर्दी लोटली. पुढे २०२४ च्या अंतिम सामन्यात हा संघ साउथ कॅरोलायनाकडून हरला. तो हरलेला सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. महिलांच्या अंतिम सामन्यास पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक प्रेक्षक लाभण्याची ती पहिलीच वेळ.

तेव्हा प्रेक्षक केवळ विजय विकत घ्यावयास येत नाही. तो नाते जोडावयास येतो. नाते असेल तर पराभवही सोसला जातो. मग सोसले जात नाही ते काय? याचे उत्तर न्यूयॉर्कने दिले आहे. १९३४ च्या डिसेंबरअखेरीपासून तेथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच रात्री दोन-दोन महाविद्यालयीन सामने होऊ लागले आणि पहिल्याच रात्री सोळा हजारांवर लोक लोटले. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने एकाच मोसमात दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. ते गरिबांचे, निर्वासितांच्या व स्थलांतरितांच्या मुलांचे, शिक्षणशुल्क न घेणारे महाविद्यालय. त्याच्या विजयाने शहरातील सामान्य माणसाची मान उंच झाली. आणि १९५१ च्या आरंभी उघडकीस आले, की त्याच संघातील खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन काही सामन्यांतील गुणांची तफावत ठरवून दिल्याबरहुकूम राखली होती. इतर महाविद्यालयांचे खेळाडूही त्यात सापडले. लाँग आयलंड विद्यापीठाने आपला संघ काही वर्षे बंदच ठेवला. सिटी कॉलेजने तो झगमगता रंगमंच कायमचा सोडला. येथे प्रेक्षक दुरावला तो पराभवामुळे नव्हे, वंचनेमुळे. त्याने खरा आनंद दिला होता आणि त्याला खोटा खेळ मिळाला होता. अशा वेळी रिकामी राहिलेली बाके हा अन्याय नव्हे. तो निवाडा होय.

या निवाड्यात एकच उणीव असते. त्यात कारणे नमूद केलेली नसतात. न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात. रिकामे बाक काहीच लिहीत नाही. वंचना झाली म्हणून न आलेला, आजारी म्हणून न आलेला आणि संघ हरतो म्हणून न आलेला, या तिघांची बाके सारखीच रिकामी दिसतात. खेळाडूला मात्र वाटते, की सर्वांनी आपल्यालाच दोषी ठरविले.

आज या नात्यास निराळाच ताण पडला आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूला, एक वर्ष बाहेर न बसता, एकदा संघ बदलण्याची मुभा मिळाली. पुढे ती आणखी सैल झाली. त्याच वर्षी २१ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने असा निर्णय दिला, की खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणविषयक लाभांवर क्रीडा संघटनेने घातलेल्या मर्यादा स्पर्धेच्या कायद्याशी विसंगत आहेत. १ जुलैपासून खेळाडूंस स्वतःच्या नावाचा व कीर्तीचा मोबदला घेता येऊ लागला, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना त्यांस थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. वकील या नात्याने आम्हांस यात वावगे काही दिसत नाही. ज्यांच्या घामावर इतरांनी कोट्यवधी डॉलर मिळविले, त्यांस त्यातील वाटा मिळणे न्याय्यच आहे. परंतु परिणाम असा, की ज्या मुलाचे नाव प्रेक्षकाने गेल्या वर्षी कंठ फुटेपर्यंत घेतले, तो यंदा दुसऱ्याच रंगाचा सदरा घालून समोर उभा असतो.

याचा दोष एकट्या खेळाडूच्या माथी मारणारे लोक सोयीस्कर विस्मरणाचे धनी आहेत. प्रशिक्षक अधिक वेतनासाठी पूर्वीपासूनच जागा बदलीत आले आहेत. मेरीलँड विद्यापीठ ज्या प्रादेशिक संघाच्या संस्थापकांपैकी होते, तो १९५३ पासूनचा संबंध तोडून ते २०१४ मध्ये दुसरीकडे गेले. २०२४ मध्ये लॉस एंजलीसच्या संघाने पॅसिफिक किनाऱ्यावरील जुने शेजारी सोडून, ज्यांतील काही विद्यापीठे थेट अटलांटिकच्या बाजूस आहेत, अशा समूहाशी सोयरीक केली. वडीलधाऱ्यांनीच घर मोडून भाड्याने दिल्यावर, मुलांना घराचे प्रेम नाही अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी? संस्था जेव्हा प्रेक्षकाला केवळ गिऱ्हाईक समजते, तेव्हा तोही गिऱ्हाइकासारखाच वागू लागतो. आणि गिऱ्हाइकाने माल बरा नसला तर दुकान बदलले, यात अधर्म नाही.

मग प्रेक्षकाचे कर्तव्य असे काही उरतच नाही काय? आमच्या मते उरते. परंतु ते तिकिटातून उत्पन्न होत नाही. ते एका सर्वनामातून उत्पन्न होते. रॉबर्ट चिआल्दिनी या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतील फुटबॉलच्या संदर्भात एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. शनिवारी संघ जिंकला, की सोमवारी अधिक विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे वा चिन्हाचे कपडे घालून वर्गात येत. आणि सामन्याचे वर्णन करताना विजयाच्या वेळी 'आम्ही' हा शब्द जितका तोंडी येई, तितका पराभवाच्या वेळी येत नसे. 'आम्ही जिंकलो' आणि 'ते हरले'! मनुष्यस्वभावाची याहून नेमकी जबानी कोणत्या साक्षीदाराने दिली असेल?

आपल्याकडील भागीदारीच्या १९३२ च्या कायद्यात एक तत्त्व आहे. जो बोलण्याने वा वर्तनाने स्वतःस भागीदार म्हणवितो, आणि त्या भरवशावर दुसरा कोणी पेढीस उधार देतो, त्याला मागाहून 'मी भागीदार नव्हतोच' असे म्हणून त्या देण्यातून अंग काढून घेता येत नाही. प्रेक्षक जेव्हा 'आपण जिंकलो' अशी आरोळी ठोकतो, तेव्हा त्या आरोळीच्या भरवशावर एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आपला घाम, आपली दुखरी ढोपरे आणि आपल्या तारुण्याचे हिवाळे उधार देत असतो. नफ्यात भागीदार आणि तोट्यात तिऱ्हाईत, हा व्यवहार बाजारातसुद्धा अप्रामाणिक ठरतो. मग जेथे नात्याचा दावा आहे, तेथे तो प्रामाणिक कसा ठरावा?

हे कर्तव्य अमर्याद नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याने कधी 'आपण' म्हटलेच नाही, केवळ चांगला खेळ पाहावा म्हणून जो आला, त्याचे काही देणे लागत नाही. ज्याची फसवणूक झाली, त्याने पाठ फिरविली तर तो दोषी नव्हे. ज्याची परीक्षा आहे, ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला बोल लावणारा मूर्ख होय. दोष लागतो तो एवढ्यालाच, की ज्याने विजयाचा वाटा घेतला आणि पराभवाची लाज वाटून जो गैरहजर राहिला.

हे लिहिताना आमचा हात थोडा अडखळला, हे कबूल केले पाहिजे. आमच्या गावी मराठी माणसांचे एक छोटेसे मंडळ आहे. दिवाणखाना भरत असे तेव्हा आम्ही पाहुण्यांस 'आमच्या मंडळात या' असे सांगत होतो. पुढे श्रोते रोडावले, बारा-पंधरा खुर्च्यांसमोर वक्ते बोलू लागले, तेव्हा आम्ही कामाच्या व्यापाची सबब पुढे केली आणि बोलण्यात नकळत 'त्यांचे मंडळ' असा शब्द आला. एका वृद्ध सभासदाने तो ऐकून घेतला व काही न बोलता आमच्याकडे पाहिले. लेख 'आम्ही' या सर्वनामाने लिहिणे सोपे. ते सर्वनाम खाली पडलेल्या खुर्च्यांपाशी जाऊन उच्चारणे कठीण.

भाच्यास आम्ही एवढेच कळविले, की कायद्याने तू निर्दोष आहेस. परंतु पहिल्या हिवाळ्यातले तुझे निरोप आम्ही जपून ठेविले आहेत, आणि ते तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून ग्राह्य धरावे लागतील. पुढील शनिवारी आम्हीही मंडळाच्या सभेस गेलो. चौदा माणसे होती, आम्ही पंधरावे. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी भाच्याचा निरोप आला, 'मामा, काल गेलो होतो. बर्फ फार होते. आपण अकरा गुणांनी हरलो.'

तो निरोपही आम्ही पहिल्या निरोपांबरोबरच ठेविला आहे.