पदक आणि नियत

माणसाच्या अंतःकरणात जे घडले ते बाहेरून ओळखता येते आणि धातूत ओतून त्याच्या छातीवर लावता येते, असा एक अवघड दावा कोणतेही शौर्यपदक मूकपणे करीत असते. इस्लामी नीतिविचाराला हा दावा सहज पचण्यासारखा नाही. कृतीचे मोल तिच्यामागच्या 'निय्या'वर, म्हणजे हेतूवर ठरते (मराठीतील 'नियत' हा तोच अरबी शब्द) आणि हेतू फक्त ईश्वराला ठाऊक असतो, हे त्या विचारातील मूलभूत सूत्र आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या सत्कृत्याला 'रिया' म्हणतात. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या उलूम अद्-दीन' या ग्रंथात कीर्तीची हाव आणि रिया यांचा विचार आत्म्याचा नाश करणाऱ्या दुर्गुणांच्या खंडात केला आहे. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहातील एक कथन तर याहून कठोर आहे: अंतिम निवाड्याच्या दिवशी सर्वांत आधी दोषी ठरणाऱ्यांत रणात पडलेला एक योद्धाही असेल, कारण तो लढला तो लोकांनी शूर म्हणावे म्हणून, आणि लोकांनी तसे म्हटल्याने त्याचे वेतन इथेच चुकते झाले. ज्या राज्याचा सुलतान स्वतःला खलिफा म्हणवीत होता, त्या उस्मानी (ऑटोमन) राज्याने पदके वाटली ती या शिकवणुकीच्या सावलीत. आणि त्या पदकांचा संग्राहक नेमके काय जमवतो, हा प्रश्नही तिथूनच निघतो.

युरोपातील मानचिन्हांची परंपरा धर्मयोद्ध्यांच्या ख्रिस्ती संघांतून आली आणि त्यामुळे क्रूस हा तिचा स्वाभाविक आकार ठरला. उस्मानी दरबाराने १८३१ मध्ये दुसऱ्या महमूदच्या काळात 'निशान-ए-इफ्तिहार' सुरू केले, तेव्हा प्रथा घ्यायची पण क्रूस घ्यायचा नाही, अशी ही तडजोड होती. याच महमूदने स्वतःची चित्रप्रतिमा जडवलेले मानचिन्हही मर्जीतल्या अधिकाऱ्यांना दिले, जे प्रतिमेविषयीच्या धार्मिक संकोचाला उघड छेद देणारे होते. पुढील पदकांवर मात्र चेहऱ्याच्या जागी 'तुघ्रा', म्हणजे सुलतानाच्या नावाची वळणदार अक्षरमुद्रा आली. उलट दिशेचा पेच कमी मौजेचा नाही. क्रिमियन युद्धानंतर, १८५६ मध्ये, इंग्लंडने सुलतान अब्दुलमजीदला 'गार्टर' हा सन्मान दिला, ज्याच्या पदकावर घोड्यावर स्वार संत जॉर्ज आहे. हिंदुस्थानी संस्थानिकांसाठी १८६१ मध्ये 'स्टार ऑफ इंडिया' काढताना इंग्रजांनी ख्रिस्ती चिन्ह टाळले ते याच जाणिवेने.

हा सारा पेच एकाच वस्तूत पाहायचा असेल, तर १ मार्च १९१५ रोजी पाचव्या मेहमदने सुरू केलेले युद्धपदक, 'हार्प मदाल्यासी', हाती घ्यावे. लाल मीनाकामाचा पंचकोनी तारा, वर उघडलेली चंद्रकोर, मधोमध तुघ्रा आणि १३३३ हे साल, असे त्याचे रूप. त्याआधी काही महिने, नोव्हेंबर १९१४ मध्ये, इस्तंबूलमध्ये शेख-उल-इस्लामच्या, म्हणजे राज्याच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याच्या, फतव्यांनिशी जिहाद पुकारला गेला होता. तरीही त्या जिहादाचे हे पदक ख्रिस्ती जर्मन अधिकाऱ्यांच्या छातीवर सर्रास चढले, इतके की जर्मनीतील जवाहिरे ते चांदीत घडवू लागले आणि त्यांची घडण इस्तंबूलच्या साध्या धातूच्या पदकांहून सरस ठरली. आज बाजारात जर्मन नमुना जास्त भाव खातो, पण मेसोपोटेमियात लढलेल्या अनातोलियाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला साधाच आला. त्याच्या समोर, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, ज्यांना २९ एप्रिल १९१६ रोजी शरण जावे लागले. सुलतान स्वतः रणावर गेला नव्हता. तरी त्याच सुमारास त्याच्या नाण्यांवर तुघ्र्याशेजारच्या 'रेशाद' या त्याच्याच नावाच्या जागी 'अल्-गाझी', म्हणजे धर्मयुद्धातील विजेता, ही पदवी आली. ज्याने पदक दिले त्याच्याच सन्मानामागचे कर्म असे दुसऱ्याचे होते.

या पदकावर प्राप्तकर्त्याचे नाव नसते, आणि संशोधकाची खरी कसोटी इथे लागते. नाव असते ते 'बेरात'वर, म्हणजे पदकासोबतच्या सनदेवर. पेशवेकालीन कागदांत पैसे देण्याच्या हुकमाला 'वरात' म्हणत, तो याच शब्दाचा मराठी भाऊबंद. बेरात नसेल तर पदक अनाथ होते. असेल तर ती वाचण्यासाठी दोन पंचांगे जुळवावी लागतात. हिजरी १३३३ म्हणजे नोव्हेंबर १९१४ ते नोव्हेंबर १९१५. पण सरकारी व्यवहारातील 'रूमी' सौर वर्ष १३३३ हे १ मार्च १९१७ ला सुरू झाले आणि पुढील १ जानेवारीला नवे वर्ष धरल्याने दहाच महिन्यांत संपले. हा भेद न कळल्याने एखादा सैनिक भलत्याच आघाडीवर नेऊन ठेवला जाऊ शकतो. त्यात १९२८ मध्ये तुर्कस्तानाने लिपीच बदलली, त्यामुळे आजोबांचे पदक नातवाला मिळाले, पण त्यावरचे अक्षर त्याला लागेना. एवढे परिश्रम करूनही जे सिद्ध होते ते इतकेच की अमुक माणसाला अमुक दिवशी पदक मंजूर झाले. तो का लढला हे कोणत्याही दप्तरात नाही. गझालींच्या दृष्टीने ते तिथे असूही शकत नाही. संग्राहकाची प्रामाणिकता इथे थांबण्यात आहे, आणि विक्रीच्या यादीतील 'वीराचे पदक' हा शब्दप्रयोग तिथेच गडबडतो.

राज्याच्या बाजूने मात्र एक समर्थन उरते आणि ते गझालींनीच पुरवले आहे: इतरांनी अनुकरण करावे या हेतूने सत्कृत्य प्रकट करणे निषिद्ध नाही. तुर्की प्रजासत्ताक ही वाट आपल्या पद्धतीने चालले. १९३४ च्या कायद्याने नागरी मानचिन्हे रद्द झाली, युद्धपदके तेवढी वाचली. त्याआधी, २९ नोव्हेंबर १९२० रोजी, अंकाराच्या राष्ट्रीय सभेने 'इस्तिकलाल मदाल्यासी', म्हणजे स्वातंत्र्यपदक निर्माण केले होते, जे धारकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे जाते. माणसाला त्याच्या स्वतःच्या प्रयत्नाचेच फळ मिळते, या कुराणातील विचाराशी ही तरतूद नीट बसत नाही, कारण वारसाच्या छातीवरचे पदक त्याच्या कोणत्याच कृतीचे नसते. पण याच पदकाचा एक वेगळा नमुना काळ्या समुद्राकाठच्या इनेबोलू गावी आहे. तुर्की स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात जहाजांतून आलेला दारूगोळा तिथल्या नावाड्यांनी आपल्या होड्यांतून किनाऱ्याला लावला आणि तो पुढे बैलगाड्यांनी अंकाराच्या दिशेने गेला. १९२४ मध्ये त्यासाठी पांढऱ्या फितीचे पदक देण्यात आले, ते कोणा एका नावाड्याला नव्हे, तर त्यांच्या संघाला.