सोटा आणि शब्द

निवृत्तीच्या आधीचे वर्ष असेल. अकरावीच्या वर्गात थिओडोर रूझवेल्ट संपवून वुड्रो विल्सनकडे वळलो होतो. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, उघड दांडगाई करणारा बरा, की गोड बोलून काहीच न देणारा?" तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही.

रूझवेल्ट यांचे सूत्र सरळ होते. बोलावे मृदू, हाती सोटा बाळगावा. 1903 च्या ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या सिनेटने कालव्याचा करार फेटाळला. नोव्हेंबरात पनामात उठाव झाला, अमेरिकेची युद्धनौका किनाऱ्याशी उभीच होती, आणि तीन दिवसांत नव्या राष्ट्राला मान्यता मिळाली. ती भूमी आपणच घेतली, असे त्यांनी 1911 मध्ये कॅलिफोर्नियात भर सभेत सांगितले. (मधल्या काळात, 1906 साली, त्यांना शांततेचे नोबेल मिळाले होते!) नंतरच्या टाफ्ट यांनी सोट्याच्या जोडीला डॉलर आणला, इतकेच.

विल्सन प्राध्यापक, पाद्र्याचे चिरंजीव. जिंकून एक फूटही जमीन घेणार नाही, ही त्यांची 1913 ची ग्वाही. जमीन घेतली नाही हे खरे. पण 1915 मध्ये हैतीत उतरलेली फौज निघाली ती 1934 मध्ये. आणि 1918 मध्ये त्यांनी जगाला एक शब्द दिला: स्वयंनिर्णय. त्यांचेच परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनी त्याच वर्षअखेर लिहून ठेवले, की हा शब्द स्फोटक आहे, तो पुऱ्या न होणाऱ्या आशा जागवील.

आशा जागल्याच. काँग्रेसने शांतता परिषदेसाठी लोकमान्य टिळकांची निवड केली होती. इंग्रज सरकारने परवाना नाकारला. लंडनहून टिळकांनी विल्सन यांना पत्र लिहिले. चिटणिसाचे उत्तर आले, की हिंदुस्थानचा प्रश्न योग्य ते अधिकारी यथाकाल हाती घेतील. 'यथाकाल' हा शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इटलीची सीमा राष्ट्रीयत्वाच्या रेषेवरून आखावी, असे चौदा मुद्द्यांत असतानाही ब्रेनर खिंडीपर्यंतचा मुलूख इटलीला गेला आणि दोन लाखांहून अधिक जर्मनभाषक माणसे सीमेच्या पलीकडे पडली. पुढे विल्सन यांनी आयरिश-अमेरिकन शिष्टमंडळाजवळ कबूल केले, की आपण ते शब्द बोललो तेव्हा इतक्या राष्ट्रीयता अस्तित्वात आहेत हे आपल्याला ठाऊक नव्हते. ही कबुली वाचून मला राग येण्याऐवजी त्यांची कीवच आली.

तरीही माझे मत हळूहळू विल्सनकडे झुकले, ते कोरियामुळे. 1905 मध्ये रूझवेल्ट यांच्या संमतीने कोरिया जपानच्या पदरात गेला. 1 मार्च 1919 रोजी तिथली माणसे स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचत रस्त्यावर आली, तेव्हा त्यांच्या मनात विल्सन यांचा शब्दही होता. सोटा ज्याचा असतो त्याचाच राहतो. शब्द दिला की तो दुसऱ्यालाही उचलता येतो. बोलणाऱ्याने तो पाळला नाही, म्हणून ऐकणाऱ्याच्या हातून तो जात नाही.

मध्यंतरी तो मुलगा बसस्टँडवर भेटला. आता बँकेत आहे. इतक्या वर्षांनी त्याला हे उत्तर मोठ्या समाधानाने सांगितले. तो म्हणाला, "पण सर, गोळ्या कोणी खाल्ल्या?"

त्याची बस लागली होती.