ऐसपैस

अनुवादात चुका होतात. बहुतेक चुका कुणाच्या लक्षात येत नाहीत, आणि आल्याच तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतात. माझी एक चूक मात्र मला दोन दिवस आणि दोन रात्री जवळून पाहावी लागली. तिच्यामुळे माझी आत्या त्या दोन दिवसांत जेमतेम एक तांब्याभर पाणी प्यायली असेल.

काही वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीचं माहितीपत्रक मी मराठीत आणलं होतं. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या प्रवासी जहाजाची ती सहल होती. खोलीच्या वर्णनात बाथरूमला एक गुळगुळीत इंग्रजी विशेषण लावलेलं होतं. सगळं लागणारं सामान आहे आणि नीट मांडलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. 'सुसज्ज' लिहून भागलं असतं, पण तो शब्द मला सरकारी विश्रामगृहाच्या पाटीसारखा वाटला. मी लिहिलं 'ऐसपैस'. वाक्य कानाला बरं लागलं. कंपनीने पैसे वेळेवर दिले आणि मी ते काम विसरून गेले.

आम्ही जबलपूरचे, रांझीचे. वडील व्हेइकल फॅक्टरीत होते, आत्या इथल्याच एका शाळेत बत्तीस वर्षं शिकवत होती. रांझीच्या बाजारात आजही पन्नाशीचे बाप्ये तिला 'बहनजी' म्हणून वाकून नमस्कार करतात. आत्या अंगाने मोठी आहे, लहानपणापासूनच. रिक्षात ती एकटी बसते, लग्नाच्या पंगतीत हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची टाळते आणि हे सगळं इतक्या सहज करते की आम्हाला त्यातली योजना कधी दिसलीच नाही. तिने समुद्र पाहिलेला नव्हता. तिच्या सत्तरीला भावाने दोन तिकिटं काढली आणि तिच्याबरोबर मी गेले.

निघण्याआधी आत्याने माहितीपत्रक दोनदा वाचलं. "बाथरूम ऐसपैस आहे म्हणतायत," ती म्हणाली. "मग ठीक आहे." मी मान हलवली. तो शब्द माझा होता हे तेव्हा मला आठवलंही नाही.

जहाजावरची बाथरूम ही एक बंद पेटीच असते. बऱ्याच जहाजांत ती कारखान्यात आधीच तयार करतात, भिंती, कमोड, बेसिन, नळ सगळ्यासकट, आणि मग पूर्ण पेटी आत सरकवून जोडतात. पाणी खोलीत येऊ नये म्हणून उंबरठा उंच असतो. आमच्या खोलीतलं दार आतल्या बाजूला उघडत होतं. आत्या तिरकी होऊन आत गेली, पण ती आत असताना दार मिटण्याएवढी जागा उरत नव्हती. कमोडवर बसायचं तर एक खांदा बेसिनखाली आणि एक गुडघा दाराबाहेर. शॉवरच्या पडद्याआड ती मावली नाही.

पहिल्यांदा ती हसली. मग मला म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन ये गं." मी बाहेरच्या बोळात उभी राहिले. पाच मिनिटांनी तिने हाक मारली. रात्री पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा नको म्हटलं, तेव्हा मला वाटलं बोट लागली असेल. दुपारच्या जेवणात तिने ताकाला हात लावला नाही. "तहानच नाही," असं ती म्हणाली, आणि मग मला कळलं. मला पुन्हा बाहेर उभं राहावं लागू नये म्हणून ती पाणी पीत नव्हती. सत्तर वर्षांची बाई डेकवर बसून पहिल्यांदा समुद्र बघत होती आणि तिचे ओठ कोरडे पडले होते. खोलीत परतल्यावर टेबलावर तेच माहितीपत्रक दिसलं आणि त्यातला माझा शब्द.

या प्रसंगावर लोक तीन गोष्टी बोलतात. मीही त्या स्वतःशी बोलून पाहिल्या आहेत, म्हणून त्यांना टाळून पुढे जात नाही.

पहिली : वजन ही ज्याची त्याची जबाबदारी, तिची किंमत भिंतीने का मोजावी? शरीर कसं घडतं याला आनुवंशिकता, औषधं, आजार, बाळंतपणं, लहानपणची उपासमार अशी अनेक कारणं असतात, हे उत्तर खरं आहे. पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्यात एक कबुली दडलेली आहे. कारण 'योग्य' असेल तर जागा मिळावी, नसेल तर नाही, अशी ती कबुली. मग आत्याने आपली थायरॉइडची फाइल कुणाला दाखवायची? जहाजाच्या मॅनेजरला? आणि तिला थायरॉइड नसून नुसता श्रीखंडाचा सोस असता तर? घराबाहेर पडलेल्या माणसाला लघवी लागते. ही गरज गुणदोषांच्या हिशोबाच्या आधीची आहे. पाणपोईवर आपण तहानलेल्याला त्याची तहान कशाने लागली ते विचारत नाही.

ही गरज विसरणं आपल्याकडे नवं नाही, आणि त्याचा एक धागा आमच्या गावातून जातो. 1870 साली मुंबईकडून आलेली जीआयपी आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन हे दोन रेल्वेमार्ग जबलपुरात जोडले गेले आणि देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रुळांनी बांधला गेला. एवढं मोठं काम झालं, पण खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास नव्हते. 1909 साली ओखिलचंद्र सेन नावाच्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार लिहिली. फणस खाऊन पोट फुगलेलं, मधल्या स्टेशनात उतरावं लागलं, तेवढ्यात गाडी सुटली, आणि लोटा व धोतर सावरत धावताना तो फलाटावर सगळ्यांसमोर पडला. त्या पत्राची गोष्ट आजही सांगतात, आणि त्याच्या इंग्रजीला हसतात. मी अनुवादक असल्यामुळे असेल, मला त्या पत्रात हसण्यापेक्षा एक धाडस दिसतं. स्वतःच्या पोटाबद्दल साहेबाला लिहिणं सोपं नव्हतं. आणि त्याने जास्त फणस खाल्ला हा त्याचाच दोष होता. पत्रात त्याने तो लपवलेला नाही. तरीही त्याची तक्रार खरी होती.

दुसरी गोष्ट : सगळ्यांना सोयीचं करणं शक्य नसतं, म्हणून सरासरी माणूस धरून बांधतात. यावर मी वडिलांशी बोलले. त्यांचं आयुष्य फॅक्टरीत तपासणीत गेलं. भोक बरोबर आहे की नाही हे पाहायला त्यांच्याकडे दोन तोंडांचं गेज असे. त्याची 'गो' बाजू भोकात गेलीच पाहिजे आणि 'नो-गो' बाजू जाता कामा नये. तसं झालं तर नग पास, नाहीतर रिजेक्ट. "पण नगाचं ड्रॉइंग असतं," अण्णा म्हणाले. "ड्रॉइंगप्रमाणे तो झाला नाही, म्हणून तो रिजेक्ट. माणसाचं ड्रॉइंग कुणी काढलंय?"

काढायचा प्रयत्न झाला आहे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याने इमारतींसाठी मापांची एक पद्धत बसवली, मोड्युलर. तिच्यातला माणूस आधी 1.75 मीटर उंच होता, नंतर तो 1.83 मीटरचा, म्हणजे सहा फुटी झाला, आणि ही उंची निवडताना इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पोलीस सहा फुटी असतात, हेही कारण सांगितलं गेलं. या मापाचा आधार चंडीगढला मिळाला. त्या माणसाच्या जागी एखादी साडेचार फुटी, ऐंशी किलोची पंजाबी आजी कुणी कल्पिली नसणार.

अमेरिकी हवाई दलाने 1950 साली चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली, कारण सरासरीवर बेतलेल्या कॉकपिटमध्ये माणसं नीट बसत नव्हती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांतली दहा मापं निवडली आणि दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असणारे किती हे मोजलं. 4063 पैकी एकही नाही. म्हणजे सरासरी माणसासाठी बांधलेली जागा कुणासाठीच बांधलेली नव्हती. पुढे मागे-पुढे, वर-खाली सरकणाऱ्या खुर्च्या आल्या. वैमानिकाचं शरीर तेच राहिलं, खुर्ची सरकायला शिकली. अभियांत्रिकीत नगालाही थोडी सूट असते, तिला टॉलरन्स म्हणतात. तोच शब्द भाषेत आला की त्याचा अनुवाद आपण 'सहिष्णुता' करतो. आमच्या फॅक्टरीच्या गावात लोखंडाला ती नेमाने मिळाली.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे : जागा खरोखरच मर्यादित असते. जहाज रबराचं नाही. एका बाथरूमला हातभर जागा दिली तर ती कुठून तरी कापावी लागते, आणि तिकीट कुणाचं तरी महागतं. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी मोठ्या जहाजांवर रुंद दाराच्या काही खोल्या असतात. आत्याने तशी खोली घेतली असती तर चाकाच्या खुर्चीतल्या एखाद्याची जागा गेली असती का? आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. लठ्ठपणा त्यात नाही, आणि आत्या स्वतःला दिव्यांग म्हणवूनही घेणार नाही. कॅनडात 2008 साली एका निर्णयाने असं ठरलं की अपंगत्व येण्याइतक्या तीव्र लठ्ठपणामुळे ज्याला देशांतर्गत विमानात दुसरी सीट लागते, त्याच्याकडून तिचे पैसे घेऊ नयेत. तो निर्णय मला न्याय्य वाटतो. पण तिथेही माणसाला आधी आपल्या शरीराचा पुरावा द्यावा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्येक भिंत सरकवता येईल असं मी म्हणू शकत नाही.

काही गोष्टी फुकटात होतात : दार बाहेरच्या बाजूला उघडणारं किंवा सरकतं करणं, शॉवर हातात घेता येईल असा ठेवणं, वजन पेलेल अशी दांडी लावणं. पण समजा, यातलं काहीच शक्य नाही. तरी एक गोष्ट उरते, आणि तिला जागा लागत नाही. माप सांगणं.

विमानात सामानाचं माप सेंटीमीटरमध्ये लिहिलेलं असतं. फ्रीज विकताना त्याची रुंदी लिहितात, म्हणजे तो स्वयंपाकघराच्या दारातून जाईल की नाही ते कळतं. माणूस ज्या दारातून जाणार, त्याची रुंदी मात्र विशेषणांत सांगतात. ज्याला ती हवी असेल त्याने फोन करून विचारावं, असं कुणी म्हणेल. पण विचारणं हीच तर शिक्षा आहे. "तुमच्या बाथरूमचं दार किती रुंद आहे?" असं म्हणणारा माणूस पलीकडच्या अनोळखी आवाजाला आपलं शरीर वर्णन करून सांगत असतो. आत्याने तो प्रश्न विचारला नाही, कारण माहितीपत्रकाने न विचारताच उत्तर दिलं होतं. ते उत्तर मी दिलं होतं, आणि ते खोटं होतं.

मी कुणाला फसवायला ते लिहिलं नव्हतं, हे खरं आहे. पण मला त्यात पूर्ण सुटका दिसत नाही. ज्याच्यासाठी तो शब्द नुसती सजावट आहे आणि ज्याच्यासाठी तो शब्द म्हणजे दोन दिवसांचं पाणी आहे, असे दोन वाचक एकच ओळ वाचतात. लिहिताना मी फक्त पहिल्याला धरून चालले. माझ्याही डोक्यात एक सरासरी माणूस होता आणि तो माझ्याच मापाचा होता.

परतीच्या सकाळी आत्या डेकवर असताना मी ते दार वितीने मोजलं. अडीच विती भरलं. घरी येऊन अण्णांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "कुणाची वीत?" मग त्यांनी कपाटातून स्टीलची पट्टी काढून माझा हात तिच्यावर ठेवायला लावला. वीस सेंटीमीटर. म्हणजे दार पन्नास सेंटीमीटर.

आत्याला मी सगळं सांगितलं, माझ्या शब्दासकट. ती तेव्हा भाजी निवडत होती. थोडा वेळ काही बोलली नाही.

"पन्नास लिहिलं असतंस तर मी गेले नसते असं वाटतं का तुला?" तिने विचारलं.

"हो."

"गेले असते. तुझ्याऐवजी एकटीने खोली घेतली असती, आणि दार उघडं टाकून खुशाल बसले असते. चहा तरी प्यायले असते." तिने निवडलेली मेथी माझ्याकडे सरकवली. "समुद्र चांगला होता गं."

त्या कंपनीला मी पत्र लिहिलं, की पुढच्या छपाईत तो शब्द काढा आणि दाराची रुंदी व आतली मोकळी जागा सेंटीमीटरमध्ये द्या. अजून उत्तर नाही. आता असं काम आलं की मी आधी आकडे मागते. नाही मिळाले तर 'बाथरूम आहे' एवढंच लिहिते.