दोष जन्माचा, म्हणे!



माझ्या लष्करी कागदावर एक वाक्य आहे. हा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. कागद इंग्रजी. खाली कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. आमच्या वस्तीत कॉन्स्टिट्यूशन या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. निळा कोट आणि हातातला ग्रंथ. मला वाटलं, ह्यात बाबासाहेबांचं काय? गावी आल्यावर एका ओळखीच्या डॉक्टरला विचारलं. तो हसला नाही, एवढं त्याचं मोठेपण. म्हणाला, "म्हणजे तुझ्या शरीराच्या घडणीतच दोष होता. जन्मतःच."

जन्मतःच. हा शब्द आपण कुठं ऐकलाय?

आधी हकीकत सांगतो. मी पेणच्या रामवाडीचा. भरतीत माझी उंची मोजली, वजन केलं, छाती फुगवून मोजली. डोळे, कान, दात, पाय सगळं बघितलं. जनावराच्या बाजारातसुद्धा इतकं बघत नाहीत. शेवटी शिक्का मारला: फिट. आयनं वस्तीत साखर वाटली. ट्रेनिंग पुरं केलं. पुढं उत्तरेकडं, उंचावरच्या एका ठाण्यावर. रात्रीचा पहारा, झोप तुटलेली, थंडी हाडात शिरणारी. तिथं एका पहाटे मला पहिला झटका आला. मग दुसरा. मग इस्पितळ, मग बोर्ड, मग रेल्वेचा पास. नोकरी झाली तीन वर्षांच्या आत. एसटीतून रामवाडीला उतरलो तेव्हा ट्रंक तीच होती, मी तेवढा बदललो होतो. अपंगत्वाच्या पेन्शनीसाठी अर्ज केला. दूरच्या कचेरीतून उत्तर आलं, नामंजूर. कारण वर सांगितलेलं वाक्य.

तेव्हापासून मी त्या एका वाक्याशी भांडतोय. ते बदलून द्या, एवढीच मागणी. अपील केलं, फेटाळलं. पुन्हा केलं. आता प्रकरण लष्करी न्यायाधिकरणात आहे.

आपल्यातले पोरं विचारतात, "ज्यांनी हाकललं त्यांच्याच दारात कशाला जाता? कागद बदलून तुमची इज्जत वाढणार हाय काय?" प्रश्न खरा आहे. मी स्वतःला तो अनेक रात्री विचारला. उत्तर शोधताना मला आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस भेटला, शंभर-सव्वाशे वर्षांमागचा.

गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. त्यांनी संस्था काढली, तिचं नाव अनार्य दोष परिहारक मंडळी. नाव पुन्हा वाचा. दोष परिहारक. समाजावर दोष ठेवला होता आणि तो काढायचा होता. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं महारांची भरती बंद केली. कारण काय? पराक्रम कमी पडला म्हणून नव्हे. कोरेगावच्या खांबावर महार शिपायांची नावं सरकारनंच कोरली होती. कारण असं की काही जाती जन्मानं लढवय्या आणि काही जन्मानं नाहीत, हे शास्त्र इंग्रजांनी तेव्हा उचललं. ज्यांच्या बापांनी पेन्शनी खाल्ल्या त्यांच्या पोरांना सांगितलं, तुमच्या घडणीतच ते नाही. अख्ख्या समाजाला एका वाक्यात घरी पाठवलं. कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर!

वलंगकरांनी १८९४ साली सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. त्या अर्जात त्यांनी आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावाही मांडला. वलंगकरांपुढं मी डोकं टेकतो. त्या काळात अर्ज लिहिणं हेच बंड होतं. पण इथं थांबून विचार करायला पाहिजे. समोरचा म्हणतो, तुझा जन्म हलका. आपण म्हणायचं, नाही, आमचा जन्म भारी होता. म्हणजे जन्मावर माणूस तोलायचा हे आपणही मान्य केलं. बाबासाहेबांनी तो तराजूच फेकून दिला.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं.

त्याचं असं झालं. इस्पितळात डॉक्टरनं विचारलं होतं, घरात कुणाला फिट्स येतात का? मी म्हणालो, चुलत्याला यायच्या. खरं होतं ते. त्या एका शब्दावर सगळा निकाल उभा राहिला. अपिलाच्या वेळी एक जाणता गृहस्थ म्हणाला, "लिहून दे, गोंधळात बोललो. घराण्यात कुणाला काय नाय. काम होईल." आय पण म्हणाली, "लिव ना रं बाबा, चुलता काय आता उठून सांगायला येनार हाय?"

मी दोन दिवस जेवलो नाही. पैशाची गरज होती. घराचे कौल गळत होते. पण खोटं लिहिणं म्हणजे काय? आमचं घराणं निर्दोष, म्हणून मला न्याय द्या. म्हणजे चुलत्यासारख्याला न्याय नको. ज्याच्या रक्तात खरंच आजाराचं बी असेल त्याला नको. मी स्वतःला क्षत्रिय ठरवून घेत होतो आणि माझ्या मेलेल्या चुलत्याला गावकुसाबाहेर ठेवत होतो. मी ते लिहिलं नाही. काम अडलं. पश्चात्ताप नाही, पण अभिमानही सांगत नाही, कारण त्या न लिहिण्याची किंमत आयनंही भरली.

मग मागायचं कशाच्या जोरावर? नियमाच्या. १९८२चे नियम माझ्या काळाला लागू होते. ते सांगत होते की भरतीच्या वेळी जो आजार नोंदलेला नाही, तो नव्हता असं धरायचं. जवान धडधाकट होता असं मानायचं. सिद्ध करायचा बोजा जवानावर नाही. रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला. आजार आधी ओळखता आलाच नसता असं बोर्डाचं म्हणणं असेल तर त्यानं कारणं द्यायची. नुसता शिक्का चालत नाही.

नियम १९८२चा. तरी धरमवीर सिंग या सिग्नल कोअरच्या जवानाला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. त्यालाही फिट्सच होत्या. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर १९९४ साली त्याला काढलं. निकाल लागला २०१३ साली. कोर्टानं सांगितलं, भरतीला नोंद नाही, बोर्डानं कारण दिलं नाही, तर आजार सेवेतलाच धरा. ह्यात नवल काय? बोले ठराव १९२३चा. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली तळं कागदावर खुलं केलं. पण २० मार्च १९२७पर्यंत आपली माणसं काठापर्यंत चालत गेली नव्हती. कागदावरचा हक्क चालत जाऊन घ्यावा लागतो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी भाट ठरेन. प्रत्येक आजार नोकरीनंच होतो असं नाही. २०१९ साली एका जवानाच्या मानसिक आजाराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं दावा नाकारला. म्हणालं, नुसत्या गृहीतावर सगळं मिळत नाही, असे आजार भरतीच्या तपासणीत दिसत नाहीत. मलाही उद्या असंच सांगतील. सांगू देत. पण कारण सांगा. ती थंडी, ते जागरण, तो पहारा ह्यांचा काही संबंध नाही, हे तपासून लिहा. बी माझं असेल. पण ते ज्या जमिनीत फुटलं ती जमीन कुणाची, एवढं बघायला नको?

म्हणून इज्जतीचा प्रश्न विचारणाऱ्या पोरांना माझं उत्तर असं. त्या कागदानं माझी इज्जत वाढत नाही आणि घटतही नाही. ती माझ्याकडंच आहे. कागद माझ्या चारित्र्याचा दाखला नाही, तो सरकारचा हिशेब आहे. धडधाकट पोरगा नेला, मोडका परत केला, मधल्या दिवसांचा जमाखर्च द्या. ही याचना नाही. आणि हिशेब चुकीचा असताना गप्प बसणं ही बंडखोरीही नाही. ती त्यांची सोय आहे.

तुमच्या वस्तीत असा कुणी परत आलेला असेल. दार लावून बसलेला असेल. भूतबाधा म्हणून भगताकडं नेत असतील. त्याच्याकडं जा. पेटीतले कागद बाहेर काढायला लावा. बोर्डाच्या कार्यवाहीची नक्कल मागा. कारणाचा रकाना वाचा. तारखा लिहून काढा. फक्त त्याला एवढं सांगू नका, की लिहून दे, घराण्यात कुणाला काही नव्हतं.

घराण्यात असेल. असू दे. माणूस म्हणून नेला होता ना?

जय भीम.