निष्कर्ष यायच्या आधी

“निष्कर्ष हाती आले की मग मांडा, बाई. तोवर परिषदेचा वेळ कशाला?” एका शैक्षणिक चर्चासत्रात अध्यक्ष असं म्हणाले, आणि ते वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. समोर उभ्या असलेल्या बाई जळकोट तालुक्यातल्या एका तांड्यावर दुसरीला शिकवतात. मुलं घरी गोरमाटी बोलतात, पुस्तक मराठीत. वाचन नेमकं कुठं अडतं, हे त्या शोधत होत्या. काम अजून अर्ध्यावर होतं.

आपल्याकडच्या परिषदांचं काय होऊन बसलंय, ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रबंधाआधी दोन परिषदांत निबंध वाचण्याची यूजीसीची २०१६ची सक्ती २०२२च्या नियमांत गेली, प्रमाणपत्राची ओढ गेली नाही. ते राहू द्या.

मला फरक करायचा आहे तो अपुऱ्या कामात आणि कच्च्या कामात. अपुऱ्या कामात प्रश्न पक्का असतो, उत्तर यायचं असतं. कच्च्या कामात उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि प्रश्न मागाहून जोडलेला. प्रश्नावली, टक्केवारी, आलेख असं सगळं असूनही काम कच्चं राहू शकतं.

बाईंच्या तक्त्यात दोनच रकाने होते, बरोबर आणि चूक. ‘आई’ या शब्दावर बोट ठेवून एक मुलगी ‘याडी’ म्हणाली. तिनं अक्षरं वाचली आणि अर्थ आपल्या भाषेत सांगितला, की शेजारचं चित्र पाहून बोलली? तक्त्यात तिच्यापुढे फुली. आत्ता कुणी हे विचारलं, तर रकाना वाढवता येतो, चित्र झाकून पुन्हा वाचून घेता येतं. दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला निघाले की तीही जाणार. मग कुणाला विचारायचं?

इथं ताराबाई मोडक आठवतात. १९४५मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. ‘मुलं येत नाहीत’ हासुद्धा एक निष्कर्षच होता. त्या तिथं थांबल्या नाहीत.

अध्यक्षांचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. अर्धी आकडेवारी सभागृहाबाहेर पडली की तिचा शिक्का होतो. मूठभर मुलांच्या फुल्यांवरून ‘तांड्यावरची मुलं वाचनात मागे’ असं बोललं जाईल आणि ते त्या मुलांना चिकटेल. चर्चासत्रातल्या किती जणांना दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ते पडताळता येणार होतं?

बाईंची बाजू मांडायला बसलो होतो, पण आता वाटतं, अशा कामाची पहिली जागा मोठी परिषद नव्हेच. ती जागा म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद. तिथं शेजारच्या तांड्यावरचे गुरुजी म्हणतील, “माझ्याकडे असं होत नाही,” आणि दोघांना मिळून कारण शोधावं लागेल. त्या परिषदेत परिपत्रकं आणि माहितीचे तक्ते बाजूला ठेवून तासभर अशा अपुऱ्या कामाला द्यावा. बाईंनी पीपीटीऐवजी मुलांच्या वह्या आणाव्यात, मुलांची नावं झाकून. आणि अध्यक्षांसारख्या जाणत्यांनी तिथं येऊन बसावं. या भागाचं विद्यापीठ नांदेडला आहे, त्याचं उपकेंद्र लातूरला. जळकोट तिथून काही फार लांब नाही.